आवर्तन सुटलं की गळ कुठे टाकावा

स्मॉलमाउथ बास हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला मासा. फ्लाय फिशिंगचे बहुतेक धडे त्याच्यावर नाहीतर ट्राउटवर लिहिलेले. त्यामुळे अकोले किंवा राहुरीचा एखादा हौशी गळवाला मोबाइलवर वसंतातल्या नदीची माहिती शोधायला बसला, की त्याच्यापुढे बर्फ वितळून फुगलेली नदी आणि छातीपर्यंत रबरी कपडे घातलेली माणसं येतात. त्या धड्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिवाळाभर खोल डोहात सुस्तावलेला बास पाणी १० अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की हलायला लागतो. पाणी चढलं की तो काठाला येतो, उतरलं की डोहाकडे सरकतो आणि पंधरा-सोळा अंशांना अंडी घालायच्या तयारीला लागतो. म्हणून तारखेकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा.

यातलं शेवटचं वाक्य आपल्या कामाचं आहे. बाकीचे आकडे खुशाल विसरा. आपल्याकडे बर्फ नाही, बास नाही, आणि तो नाही हे बरंच आहे. परके मासे आणून सोडण्याची हौस आपण पुरेशी फेडून घेतली आहे. १९५२ साली देशात आणलेली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आता डबक्याडबक्यांत आहे.

पण माघ-फाल्गुनात पाण्याचा चढउतार मात्र आपल्याकडे आहे, आणि तो अमेरिकेतल्यापेक्षा अचानक येतो. कारण आपली नदी उन्हाने चढत नाही, पाटबंधारे खात्याच्या आदेशाने चढते. नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण नदीकाठी अजून नगरच) फेब्रुवारी ते एप्रिल गळ टाकायचा असेल तर पंचांग आणि हवामान यांच्याआधी आवर्तनाची, म्हणजे धरणातून शेतीसाठी ठरावीक दिवस पाणी सोडण्याची, बातमी वाचायची सवय लावा. या लेखातली बाकी सगळी माहिती त्या सवयीनंतरची.

प्रवरेचं उदाहरण घेऊ. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली ही नदी भंडारदऱ्याला अडते. १९२६ साली पुरं झालेलं हे धरण ११,०३९ दशलक्ष घनफुटांचं. तिथून सुटलेलं पाणी रंध्याच्या धबधब्यावरून निळवंड्यात येतं, ते धरण ८,३२० दशलक्ष घनफुटांचं. निळवंड्याच्या खाली अकोले, मग संगमनेर आणि पुढे ओझरचा बंधारा. प्रवरेचे जुने डावा-उजवा कालवे या ओझरच्या बंधाऱ्यापासून निघतात, धरणापासून नाही. म्हणजे निळवंडे ते ओझर या टप्प्यात नदीचं पात्र हाच पाट आहे. आवर्तन चालू असलं की नदी वाहते, बंद झालं की बंधाऱ्यांमागे साठलेलं पाणी आणि मधले डोह एवढंच उरतं. आता निळवंड्याचे स्वतःचे कालवेही आहेत. डाव्या कालव्याचं लोकार्पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी झालं. त्या कालव्यांना जाणारं पाणी नदीत उतरत नाही. तेव्हा 'निळवंड्यातून आवर्तन सुटलं' एवढं ऐकून गाडी काढू नका. कालव्याला सुटलं की नदीला, हे विचारा.

मुळेचं उलटं आहे. राहुरी तालुक्यातलं बारागाव नांदूरचं मुळा धरण २६,००० दशलक्ष घनफुटांचं, पण त्याचे कालवे थेट धरणातून निघतात. धरणाखालची मुळा उन्हाळ्यात बहुतेक कोरडी असते आणि नदीवरचे बंधारे भरून देण्यासाठी पाणी सोडलं तरच हलते. धरणाच्या वरची मुळा, म्हणजे कोतूळपासून घारगाव, साकूर, मांडव्यापर्यंतची, ही वेगळीच नदी आहे. तिच्याकडे नंतर येतो.

पाटबंधाऱ्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी हंगाम, १ मार्च ते ३० जून उन्हाळी हंगाम. किती आवर्तनं द्यायची, केव्हा द्यायची हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि दुसऱ्या दिवशी नगर आवृत्तीच्या आतल्या पानावर छापून येतं. पुढाऱ्यांच्या नावांनी भरलेली ती बातमी शेवटपर्यंत वाचा. तारीख आणि क्युसेकचा आकडा खालच्या परिच्छेदात असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. त्याहून खात्रीची माहिती हवी असेल तर पाटकऱ्याला गाठा. कोणत्या बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या, पाणी आता कुठवर आलं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. नदीकाठच्या वीजपंपांची वीज बंद केल्याची ओरड गावात सुरू झाली, तरी समजा की पाणी जवळ आलं आहे. खालपर्यंत पाणी पोचावं म्हणून हा उपाय अनेकदा केला जातो.

आता पाण्याच्या अवस्था. या चार आहेत आणि प्रत्येकीत मासा वेगळ्या जागी असतो.

पहिली, आवर्तनाच्या आधीची. पाणी थांबलेलं, नितळ, शेवाळ धरलेलं. डोहातला मासा तुम्हाला दिसतो, आणि त्याच्या कितीतरी आधी तुम्ही त्याला दिसलेले असता. इथे लांब लीडर (दोरी आणि फ्लाय यांमधला बारीक धागा) लागतो, बारा फुटांपर्यंत, आणि फ्लाय, म्हणजे आकड्यावर बांधलेलं नकली भक्ष्य, लहान. काठावर उभं राहून टाकू नका, बसून टाका. शर्ट पांढरा नको. आपल्याकडे नदीवर पांढरे कपडे घालून जाण्याची रीत आहे, ती अंत्यविधीला ठीक. या अवस्थेत महसीर पकडण्याचा हट्ट सोडून चिलापी आणि खवली यांच्यावर हात बसवावा, हे माझं मत.

दुसरी, पाणी चढतानाची. सुरुवातीचं पाणी कोरड्या वाळूत जिरतं, मग काडीकचरा, प्लास्टिक, पानं घेऊन लोंढा येतो. पाणी चढतंय की उतरतंय हे ओळखायला यंत्र लागत नाही. काठच्या दगडावर पाण्याच्या वर ओली रेघ दिसली तर पाणी उतरतंय. दगड पाण्यापर्यंत कोरडाठाक आणि मधल्या धारेत कचरा तरंगत चाललेला असेल तर चढतंय. काठीने वाळूत खूण करून दहा मिनिटं बसा, खात्री होईल. चढत्या पाण्यात मासा मधली धार सोडून काठाला येतो. बुडालेलं गवत, बाभळीची मुळं, बंधाऱ्याच्या भिंतीलगतचा कोपरा, ओढ्याचं तोंड या जागा धरा. फ्लाय काठापासून हातभर अंतरावर पडली पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात, जोर लावून मध्यावर फेकतात, जिथे कचऱ्याशिवाय काही लागत नाही. पाण्यात उतरून टाकणं या अवस्थेत पूर्ण बंद. कारण पुढे सांगतो.

तिसरी, पाणी चढून थांबल्यानंतरची. हिची वाट पाहायची. आवर्तन बरेच दिवस चालतं. पहिल्या एक-दोन दिवसांचा गढूळपणा खाली बसला की पाण्याला हिरवट झाक येते, गुडघाभर पाण्यात आपला पाय दिसायला लागतो. खळाळ पुन्हा वाजायला लागलेले असतात आणि त्या खळाळांच्या शेवटाला, जिथे वेगवान धार डोहाच्या संथ पाण्याला भेटते तिथे, मासा तोंड धारेकडे करून उभा राहतो. धारेने आणलेलं खायचं आणि ताकद संथ पाण्यात राखायची, असा त्याचा हिशोब. वेगवान आणि संथ पाण्यामधली ती रेघ डोळ्यांना दिसते. तिच्यावर फेसाची माळ असते. फ्लाय त्या रेघेच्या वरच्या अंगाला, धारेत टाका आणि दोरी ताणून न धरता तिला वाहत जाऊन रेघेवर येऊ द्या. दोरी धारेच्या पोटात अडकून फ्लाय ओढली जात असेल तर काठीचं टोक उचलून दोरीचं पोट वरच्या बाजूला पलटवा. अख्ख्या फ्लाय फिशिंगमधलं एकच कसब शिकायला वेळ असेल तर हे शिका. लांब फेक शिकण्यात उन्हाळे घालवणारे पुष्कळ आहेत. प्रवरेवर चाळीस फुटांपलीकडे फेकायची गरज क्वचितच पडते.

चौथी, पाणी उतरतानाची. आवर्तन बंद झालं की मासा उथळावर अडकायच्या भीतीने लवकर डोहाकडे सरकतो. पहिले काही तास चांगले. उथळ आणि डोह यांमधली जी एखादी चिंचोळी घळ असते, तिच्या खालच्या तोंडाशी थांबा. नंतर मात्र मासा बावरतो, तोंड उघडत नाही. ते दोन-चार दिवस घरी बसून फ्लाय बांधायला चांगले.

तापमानाचा एक पेच इथे आहे. धरणातलं पाणी खालच्या दारातून सुटलं तर ते तळाचं, थंड पाणी असतं. मार्चच्या दुपारी अकोल्यात अंगाची लाही होत असते आणि धरणाजवळच्या पात्रात पाय घातला तर शिरशिरी येते. त्या थंड पाण्यात मासा आळसावतो. म्हणून आवर्तन ताजं असताना धरणाच्या अगदी पायथ्याशी टाकण्यापेक्षा बरंच खाली या, जिथे पाणी उथळ खडकांवरून वाहत येताना उन्हाने कोमट झालेलं असतं. मत्स्यटाकीचं साधं तापमापक दोरीला बांधून जवळ ठेवा. माझे ढोबळ आकडे असे: २० अंशांच्या खाली फ्लाय तळाजवळ आणि अगदी सावकाश, २२ ते २७ हा मासा धावण्याचा पट्टा, ३० च्या वर काठी गुंडाळायची.

यावरून दिवसाची वेळही ठरते. माघात आणि फाल्गुनाच्या सुरुवातीला पहाटे पाचला नदीवर जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. दहानंतर पाणी कोमट होतं, दुपारी तीन-चारपर्यंत चांगलं. होळी झाली की गणित बदलायला लागतं आणि गुढीपाडव्यानंतर सकाळचे दोन तास, संध्याकाळचा एक, एवढंच. मार्चात दुपारनंतर वारा सुटतो तो वेगळाच. वारा अंगावर घेऊन फेकण्यापेक्षा समोरच्या काठावर जा.

अवकाळी पावसाचाही हिशोब ठेवा. मार्चमध्ये गारपिटीसह सर आली तर मुख्य नदीपेक्षा ओढे आणि उपनद्या आधी गढूळ होतात. संगमनेरला म्हाळुंगी प्रवरेला मिळते. अशा वेळी संगमाच्या वरच्या अंगाला प्रवरा नितळ आणि खाली चहाच्या रंगाची दिसू शकते. गढूळ आणि नितळ पाण्याची ती शिवण, तिच्या नितळ बाजूने टाका. ढग गडगडत असतील तर काहीच टाकू नका. कार्बनची काठी विजेला आवताण देते.

सामानाबद्दल लोकांना वाजवीपेक्षा जास्त काळजी असते. नऊ फुटी, सहा नंबरची काठी, तरंगती दोरी, साधं रीळ. मरळीसाठी आठ नंबरची काठी असली तर बरं, कारण तिला पाणवनस्पतीतून ओढून बाहेर काढावं लागतं. लीडर नितळ पाण्यात नऊ ते बारा फूट, गढुळात सहा-सात फूट पुरतो. आपल्या काठांवर मागे वेडी बाभूळ नाहीतर ऊस असतो, त्यामुळे दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गोल उलटवून टाकायची पद्धत, रोल कास्ट, आधी शिका. सरळ फेक नंतर.

फ्लायमध्ये एकच घ्यायची तर क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नदीवरचा वाटाड्या बॉब क्लाउझर याने १९८० च्या दशकात ती स्मॉलमाउथ बाससाठीच बांधली. आकड्याच्या दांड्यावर डंबेलच्या आकाराचे जड डोळे, त्यामुळे ती उलटी पोहते, गळाचं टोक वर राहतं आणि दगडात कमी अडकते. ओढली की वर, सोडली की खाली, अशी उड्या मारत जाते, छोट्या माशासारखी. शेवाळी-पांढऱ्या रंगाची, दोन-अडीच इंची क्लाउझर तिसऱ्या अवस्थेतल्या हिरवट पाण्यात उत्तम. गढुळात काळी नाहीतर जांभळी घ्या, कारण अंधुक पाण्यात रंगापेक्षा आकार दिसतो. खवली आणि चिलापीसाठी बारा-चौदा नंबरची साधी तपकिरी निंफ. बाकी डबा भरून फ्लाय घेणं ही हौस आहे, गरज नाही.

हां, एक फ्लाय मात्र इथली म्हणून बांधा. फाल्गुन-चैत्रात काठचे उंबर पिकून टपटप पाण्यात पडतात आणि महसीर फळं खातो. तांबूस-तपकिरी लोकरीचा बोराएवढा गोळा, थोडा कातरलेला, मधोमध आकडा. उंबराखाली तो टपकन पडू द्या, ओढू नका. फळ पोहत नाही. इंग्रज अमदानीतल्या शिकारी गळवाल्यांनाही ही गोष्ट ठाऊक होती. एच. एस. थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ चं, आणि ते दक्षिणेतल्या महसिराभोवतीच फिरतं.

आपल्या दख्खनी महसिराला शास्त्रीय नाव मिळालं तेही इथूनच. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून खुद्री हे नाव दिलं. बोलीत खडशी. पुढे हा मासा इतका घटला की लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून देशभर सोडावी लागली. त्यामुळे हा मासा लागला तर सोडायचा. यावर मला वाद घालायचा नाही.

मरळ वेगळी. तिला हवेतला श्वास लागतो. कमी प्राणवायूच्या, गाळाच्या, जलपर्णीच्या पाण्यात ती मजेत राहते. दर काही मिनिटांनी वर येऊन हवा घेते तेव्हा पाण्यावर एक गोल फुटतो. तो गोल दिसला की थांबा, पुन्हा कुठे येते ते पाहा आणि बेडकासारखा पॉपर तिच्या वाटेत, तिच्या डोक्यावर नव्हे, टाका. गवतात न अडकणारा आकडा आणि जाड लीडर, वीस-तीस पौंडांचा. घेतल्यावर लगेच हिसका देऊ नका. तिला खाली वळू द्या. शिवडा आणि शिंगाळा हे रात्रीचे, तळाचे मासे, फ्लायला अपघातानेच लागतात. वाम तर फ्लायला लागतच नाही असं धरून चाला.

आता वरची मुळा. हरिश्चंद्रगडावरून उतरणाऱ्या या नदीला कोतुळाजवळच्या पिंपळगाव खांडसारखी लहान धरणं सोडली तर मुळा धरणापर्यंत मोठी अडवणूक नाही, त्यामुळे इथे आवर्तनाचा मोठा लोंढा येत नाही. पाणी दिवाळीपासून एकाच दिशेने, खाली जातं. फाल्गुनात नदीचे तुकडे पडलेले असतात, एकेका डोहात वरच्या-खालच्या उथळातले सगळे मासे गोळा झालेले. नवख्याला ही मेजवानी वाटते. पण त्या डोहातला मासा पावसाळ्यात अख्खी नदी पुन्हा भरणार आहे. माघात, अजून थोडी धार वाहती असेल तोवर टाका. धार तुटली की त्या डोहांना हात लावू नका. तसंही आटलेल्या नितळ डोहातला मासा दोन फेकींत शहाणा होतो.

जिल्ह्याच्या दक्षिणेला, श्रीगोंदा-कर्जतकडे, भीमेवर उजनीचं फुगवट्याचं पाणी येतं. तिथे उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि गाळाची मैदानं उघडी पडतात. चिलापीसाठी बरी जागा, पण मांडीभर चिखलात रुतायची तयारी हवी. मला ती नाही.

धोक्यांबद्दल मोकळेपणाने लिहितो, कारण फिशिंगच्या पुस्तकांत आपले धोके नसतात.

बंधाऱ्याच्या खाली, सांडव्यावरून पाणी कोसळतं तिथे, पाणी वरून पुढे जाताना दिसतं पण पोटातून मागे भिंतीकडे फिरत असतं. त्यात सापडलेला माणूस पुन्हा पुन्हा आत ओढला जातो. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उतरली होती. २३ मे रोजी ती उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षित माणसं, सोबत बोट, तरीही. म्हणून आवर्तन चालू असताना बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाण्यात उतरायचं नाही, मासा कितीही उडत असो. काठावरून टाका आणि अंगात जीवरक्षक जॅकेट ठेवा.

वाळूउपशाचे खड्डे हे दुसरं. घोटाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल पुरुषभर खोलीत जातं. हातात लांब काठी घेऊन, पुढचा तळ चाचपत चाला, आणि गढूळ पाण्यात चालूच नका.

वीजपंप हे तिसरं. काठावर, कधी पाण्यातही, मोटारींच्या केबल पसरलेल्या असतात. काहींना जोड दिलेले, काहींची चिकटपट्टी सुटलेली. त्यांच्या जवळ पाण्यात पाय घालू नका. डोक्यावरच्या तारा पाहिल्याशिवाय नऊ फुटी कार्बनची काठी उचलू नका.

आणि बिबट्या. अकोल्याच्या ऊसपट्ट्यात बिबटे माणसांच्या शेजाराने कसे राहतात, यावर विद्या अथ्रेया यांनी केलेलं संशोधन प्रसिद्ध आहे. ऊसतोडीच्या दिवसांत मादी पिल्लांसह उसातून बाहेर पडते. पहाटे-संध्याकाळी उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नका, दोघं जा, बोलत जा, आणि पाण्याकाठी पाठ उसाकडे करून वाकून बसू नका.

गाळप हंगाम मार्चपर्यंत, कधी पुढेही चालतो. पाणी काळपट, फेसाळ, मळीच्या आंबूस वासाचं दिसलं, आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले, तर फ्लाय टाकणं क्रूरपणा आहे. फोटो काढा, वेळ लिहा, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे तक्रार द्या.

परवानगीचं काय, असं पुष्कळजण शेवटी विचारतात. आधी विचारायला हवं. जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथला मासा संस्थेचा आहे, कारण बोटुकलीचे पैसे त्यांनी भरलेत. संस्थेच्या सचिवाला भेटा, मासा सोडणार आहात की नेणार आहात ते सांगा. नेणार असाल तर किलोमागे काय द्यायचं ते आधीच ठरवा. धरणाच्या भिंतीजवळ जायला जलसंपदा विभागाची मनाई असते. भंडारदऱ्याच्या वरचा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि शेवगाव-नेवाशाकडचा जायकवाडीचा फुगवटा हे पक्षी अभयारण्य आहे. दोन्ही १९८६ पासून. तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गळ टाकायचा नाही. काठच्या शेतातून जाताना शेतकऱ्याला विचारून जा. नदी सरकारची असली तरी वाट त्याच्या कांद्यातून जाते. आणि काठावर भोई समाजातला कुणी जाळं सुकवत बसला असेल तर पाच मिनिटं थांबा. त्याच्या जाळ्याच्या वरच्या अंगाला फ्लाय टाकण्याचा उद्धटपणा करू नका. उलट काल कुठल्या डोहात काय लागलं ते त्याला विचारा. तो सांगतो, बहुतेक वेळा खरं सांगतो.

मासा हाताळताना आधी हात ओले करा. आकड्याचा काटा पक्कडीने चेपून घेतलेला असावा, म्हणजे तो सरकन निघतो. महसीर वाळूवर ठेवून फोटो काढायचा नाही. मार्चची वाळू तापलेली असते. पाण्यातच त्याचं तोंड धारेकडे करून पोटाखाली हात धरा, कल्ले नीट चालायला लागले की तो स्वतः निघून जातो. चिलापी मात्र खुशाल घरी न्या, लसणाच्या फोडणीत ती चांगली लागते.

वैशाखाच्या शेवटाकडे, आणि पुढे पावसाच्या तोंडाशी, संथ पाण्यावर लालसर पिल्लांचा चमचम करणारा गोळा फिरताना दिसेल. खाली मरळ असते, पिल्लांची राखण करत. ती पॉपरवर भूक म्हणून नाही, रागाने झेपावते, त्यामुळे त्या दिवसांत ती सहज लागते. तिला उचललं की तासाभरात पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात. असा गोळा दिसला की तो डोह सोडून पुढच्या बंधाऱ्याकडे चालायला लागा.